मुलांचा ढोल टिकवायचा तर आधी मास्तरांची फी द्या: घानाच्या एवे गावांमधून

घानाची राजधानी अक्रा समुद्रकाठी आहे. तिथून समुद्र उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे निघालं की व्होल्टा नदी लागते आणि साधारण १९० किलोमीटरवर अफ्लाओला देश संपतो. फाटकापलीकडे टोगोचं लोमे शहर. या टोकाच्या पट्ट्यात एवे समाजातल्या अन्लो गटाच्या लोकांची गावं आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या ढोलवादनाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक वर्षानुवर्षं इथे येतात. आम्ही दोघंही तिथे जाऊन आलो. मी शाळेत मुलांना लेझीम शिकवते, नवरा भजनी मंडळात पखवाज वाजवतो. सामान्य पर्यटक म्हणून नाही, तर मुलांना वाद्य आणि नाच शिकवणाऱ्या एका गटाकडे विद्यार्थी म्हणून राहायला गेलो होतो. तसं कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आधी कागदपत्रं, कारण तिथेच जास्त वेळ जातो. व्हिसा दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयातून काढावा लागतो, त्यासाठी राहण्याची सोय किंवा आमंत्रणपत्र दाखवा. पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. ती साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळाच्या आणि बंदराच्या आरोग्य विभागाकडे सोय आहे. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ते पिवळं कार्ड परतताना आपल्या विमानतळावरही मागतात. नसेल तर विलगीकरणात बसवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून इथूनच सुरू करा. मच्छरदाणी आमच्या खोलीत होती, पण तिला भोकं होती. सुईदोरा न्या.

मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे अक्रा गाठता येतं. घड्याळ साडेपाच तास मागे करायचं. प्लगला आपली पिन चालत नाही, ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची लागते. चलन सेडी. शहरात एटीएम चालतात, गावात सगळा व्यवहार मोबाइल मनीवर किंवा रोखीत, म्हणून पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम पहिल्याच दिवशी घ्या.

अक्रातल्या टुडू स्टँडवरून अफ्लाओकडे जाणाऱ्या व्हॅन सुटतात. त्यांना ट्रोट्रो म्हणतात आणि कंडक्टरला मेट. वेळापत्रक असं नसतं. गाडी भरली की सुटते. आपल्या वडापसारखंच, त्यामुळे आम्हाला काही नवल वाटलं नाही. सकाळी लवकर गेलात तर बरं. सोगाकोपेला व्होल्टावरचा पूल येतो, तिथे गाडी थांबली की खिडकीतून पाव, आबोलो नावाची वाफवलेली मक्याची वडी आणि तळलेली बारीक मासळी आत येते. पाव गोडसर असतो. रस्त्यात पोलिसांच्या चौक्या बऱ्याच लागतात. पासपोर्ट हाताशी ठेवा आणि शांत राहा.

देनूच्या आसपास कोपेयिया नावाचं गाव आहे. गॉडविन आग्बेली या वादकाने १९८२ मध्ये तिथे ढोल आणि नाच शिकवणारी दाग्बे ही संस्था काढली. ते १९९८ मध्ये गेले, पण शिकायला येणाऱ्यांना अजून पहिलं नाव कोपेयियाचंच सांगितलं जातं. आमचा मुक्काम त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका गावात होता. तिथल्या मास्तरांचं नाव मुद्दाम देत नाही. सगळे त्यांना ‘एफो’ म्हणजे दादा म्हणत, आम्हीही तेच म्हणायला लागलो.

शिकवणी दुपारी शाळा सुटल्यावर, आंब्याच्या झाडाखाली. मुलं गणवेशातच येतात, दप्तर मुळाशी टाकतात. आधी गांकोगुई निघते: लोखंडाच्या दोन घंटा एकीवर एक जोडलेल्या, काठीने वाजवायच्या. आग्बाद्झा नाचात बारा मात्रांच्या आवर्तनात तिचे सात ठोके पडतात, पहिला खालच्या जाड घंटेवर, उरलेले वरच्या बारीक घंटेवर. त्या सातांमधली अंतरं सारखी नाहीत, आणि सगळं वादन त्यांच्यावर उभं असतं. त्या दिवशी ती आठेक वर्षांच्या एका मुलाकडे होती. मोठे ढोल आत शिरले, बाहेर पडले, आपसात भांडल्यासारखे वाजले, एक बकरी मधून गेली. पोराचा ठोका हलला नाही. चेहऱ्यावर कंटाळा होता, हातात नाही.

नवऱ्याला वाटलं, बारा मात्रा म्हणजे आपल्या ओळखीचं मैदान. तो बोटांवर मोजायला लागला. एफोंनी येऊन त्याची बोटं मिटवली आणि म्हणाले, “उठा. आधी पाय.” इथे ढोल शिकायचा तर आधी नाचावं लागतं. बारा मात्रांचे चार ठोके पायात असतात. पाय चालायला लागले की घंटेचे सात त्यांच्याभोवती आपोआप बसतात. नुसतं बसून मोजलं तर सम कुठे आहे यावर वाद घालता येतो, वाजवता येत नाही. आग्बाद्झात पाठ आणि खांदे चालवायचे असतात, हात कोपरातून पंखासारखे. आमच्याकडे बघून मुली हसून लोळल्या आणि मग त्यांच्यातलीच एक माझ्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी माझे खांदे हलवायला लागली. मला जे काही आलं ते तिच्याकडून.

घंटेनंतर अहात्से, म्हणजे मण्यांच्या जाळीत गुंडाळलेला भोपळा. खाली मांडीवर आपटायचा, वर तळहातावर. मग लहान कागानू, मधला किदी, त्याहून मोठा सोगो, आणि सगळ्यांत उंच अत्सिमेवू, जो तिरका टेकवून उभ्याने वाजवतात आणि जो बाकीच्यांना इशारे देतो. हे ढोल एका लाकडातून कोरलेले नसतात, तर पिंपासारखे पट्ट्या जोडून लोखंडी कड्यांनी आवळलेले असतात. कडेला खुंट्या असतात; त्या दगडाने ठोकून चामडं ताणतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत सहाराकडून हरमाटन वारा येतो, तेव्हा लाकूड आकसतं. कातडं फाटतं, खुंट्या मोडतात. मुलांच्या हातातलं वाद्य मोठ्यांच्या वाद्यापेक्षा लवकर खराब होतं हे जगात सगळीकडे सारखंच असावं.

पारंपरिक रिवाजात बायका गातात, नाचतात, अहात्से वाजवतात, ढोलावर पुरुष. या गटात मात्र किदीवर दोन मुली होत्या. गावात कुणी बोलतं का, असं विचारलं तर एफो म्हणाले, “म्हातारे बोलतात. मग थांबून ऐकतात.”

आता मुद्द्याचं. बाहेरून येणाऱ्याला इथे मदत करायची हौस असते आणि ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडते. आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी दिलेले चमकदार पोशाख, छापील टीशर्ट आणि रंगपेट्यांचा ढीग एका खोलीत होता. पोशाखांचे तीन संच, आणि ज्या मास्तरांनी पंधरा-वीस पोरांना रोज दुपारी बसवायचं ते सकाळी मक्याच्या शेतात राबून येणार, कारण शिकवण्याचे पैसे कुणी देत नाही. तिथल्या सरकारी शाळेत सांस्कृतिक पथक आहे, सकाळच्या सभेला ढोल वाजतो. पण तो शिकवणारा गावातला वादक शाळेच्या पगारपत्रकावर नव्हता.

याला जुनं कारण आहे. १८४७ पासून एवे लोकांच्या मुलखात ब्रेमेनचं जर्मन मिशन काम करत होतं. ख्रिस्ती झालेल्यांनी ढोल आणि नाच सोडायचा, हा नियम. शाळा मिशनच्या, त्यामुळे शाळेत जाणारं मूल आणि ढोलाशी बसणारं मूल असे दोन रस्ते झाले. १९३३ मध्ये एफ्राइम आमू या संगीतशिक्षकाला आक्रोपोंगच्या चर्चच्या कॉलेजातून काढलं, कारण तो देशी कापड पांघरून चर्चमध्ये उभा राहिला. पुढे तो अचिमोटाच्या शाळेत गेला. केटाजवळचे फिलिप ग्बेहो यांनी त्याच अचिमोटात मुलांना एवे ढोल शिकवले. घानाच्या राष्ट्रगीताची चाल त्यांचीच. तर ढोल शाळेत परत आला, पण ढोलवाल्याची रोजी काही आली नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. स्वतः शिकवणी लावा आणि पूर्ण फी द्या. घासाघीस करू नका. पहिल्याच दिवशी विचारा की यातलं मुख्य मास्तरांना किती, साथीच्या वादकांना किती, गटाच्या पेटीत किती. आम्हाला एफोंनी वही काढून दाखवली. जिथे वही नाही तिथे गावातल्या दोन मोठ्या माणसांसमोर पैसे द्या. त्याउपर द्यायची इच्छा असेल तर कातडी बदलण्याचा, नवीन कागानू करून घेण्याचा खर्च उचला, आणि ढोल तिथल्याच सुताराकडून घ्या. परतल्यावरही जमलं तर मास्तरांचं ठरावीक मानधन मोबाइल मनीवर पाठवत राहा. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी बरी, कारण शिकवणी रोजची असते.

एकाच मुलाला ‘दत्तक’ घेऊ नका. गोड पोर, छान नाचतं, मोह होतोच. पण उरलेली चौदा बघत असतात. ‘फी भरा’ म्हणून कुणी मागे लागलं तर हे माहीत असू द्या की सरकारी प्राथमिक शाळेत शिकवणी शुल्क नाही, आणि २०१७ पासून वरच्या माध्यमिक शाळाही मोफत आहेत. वह्या, गणवेश, चपला यांचा खर्च खरा असतो, तो शाळेतून विचारून सगळ्यांसाठी करा. चॉकलेटं वाटू नका. आम्ही शिकवणीनंतर सगळ्यांना पुरेल एवढा वाकये सांगायचो, म्हणजे तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवलेला भात. पानात गुंडाळून येतो, मुलं खूश.

शाकाहाऱ्यांसाठी हाच वाकये तारणहार आहे, फक्त वरची शितो नावाची चटणी नको म्हणा, तिच्यात सुकी मासळी असते. ‘रेड रेड’ म्हणजे पाम तेलातली चवळीची उसळ आणि तळलेली पिकली केळी. तीही मासळीशिवाय आहे ना, हे विचारून घ्या. बांकू आणि आक्प्ले हे मक्याच्या पिठाचे गोळे भेंडीच्या बुळबुळीत कालवणात बुडवून उजव्या हाताने खातात. भेंडी आपली, पण त्यात बहुतेक वेळा खेकडा किंवा मासा असतो. डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

गावात पोचल्यावर आधी तोग्बुई म्हणजे गावप्रमुखांना भेटायचं. जाताना श्नॅप्स या दारूची बाटली न्यायची पद्धत आहे. पूर्वजांसाठी थोडी जमिनीवर ओतून बोलणं सुरू होतं. आमच्या वारकरी घरातून बाटली घेऊन निघालेला नवरा मला विसरता येत नाही, पण बाटली अक्रातच घेतली, हे सासूबाईंसाठी नमूद करते.

फोटो विचारून काढा, विशेषतः मुलांचे. येवे नावाच्या देवस्थानांचं संगीत दीक्षित लोकांपुरतं असतं. तिथून ढोल ऐकू आला तरी मोबाइल घेऊन धावू नका. मर्तिकाला मात्र बोलावणं आलं तर जरूर जा. शनिवार-रविवारी होतात आणि रात्रभर वाजतात. मुलं खरं शिकतात ती तिथे: मोठ्यांच्या वर्तुळाबाहेर दुधाच्या रिकाम्या डब्यांवर तेच ठोके वाजवत बसलेली पोरं मी तिथे पाहिली, शिकवणीत मागे राहणारा एक जण तर डब्यावर भलताच तयार होता. पाकिटात घालून थोडे पैसे द्यायचे, काळे किंवा लाल कपडे घालायचे.

कधी जावं? एप्रिल ते जून पावसाचे, झाडाखालची शिकवणी सारखी मोडते. अक्रात शिकायचं असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: होमोवो सणाआधी, साधारण मे-जूनमध्ये, ‘गा’ या तिथल्या मूळ समाजाच्या परंपरेप्रमाणे तिथे महिनाभर ढोल आणि गोंगाटावर बंदी असते. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आन्लोगाला होग्बेत्सोत्सो हा सण होतो, अन्लो लोक टोगोतल्या नोत्सेहून निसटून आले त्याची आठवण. मुलांची पथकंही उतरतात. तेव्हा खोल्या मिळत नाहीत, दोन महिने आधी सांगून ठेवा. शाळेच्या सुट्ट्या तिथे बदलत राहतात, मास्तरांनाच विचारा, नाहीतर मुलं मावशीकडे गेलेली असतील. अर्धा दिवस मोकळा मिळाला तर केटाला डेन्मार्कवाल्यांनी १७८४ मध्ये बांधलेला प्रिन्झेनस्टाइन किल्ला बघा. गुलामांच्या कोठड्या आहेत आणि बराचसा भाग समुद्राने खाल्ला आहे.

ढोल घरी आणायचा विचार असेल तर कातडं आणि लाकूड यांचे सीमाशुल्काचे आणि प्राणी-वनस्पती तपासणीचे नियम आधी पाहा. आम्ही गांकोगुई आणली. लोखंड आहे, मोजांमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ठेवली तर सुरक्षा तपासणीत वाजवून दाखवावी लागते, आणि मागे रांग असते.