खिडकीजवळची चार टेबलं

नाशिकच्या डिसेंबरात सकाळी आठपर्यंत गोदाकाठी धुकं रेंगाळतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाचं वार्षिक संमेलन नेमकं त्याच दिवसांत येतं. शाळेचा हॉल, स्वेटर-मफलरातली माणसं, दाराशी चहाची किटली आणि खिडकीजवळ एकाला एक लावून ठेवलेली चार लांब टेबलं. संमेलन म्हटलं की व्यासपीठाआधी ही टेबलं आठवतात. एमएच्या शेवटच्या वर्षाची आणि पीएचडी करणारी मुलंमुली वर्षभर ज्या कागदांवर मान मोडून बसली, ते तिथे उघडे मांडलेले असतात. मोडी पत्राच्या प्रतीशेजारी जुन्या वर्तमानपत्राचं पान, त्याला लागून नाण्याचं मोठं केलेलं छायाचित्र. कुणीही यावं, भिंग उचलावं आणि वाचावं.

नियम एकच. निबंध ज्यांच्या आधारावर उभा आहे अशा तीन मूळ कागदांच्या प्रती प्रत्येकाने टेबलावर ठेवायच्या आणि प्रत्येक प्रतीच्या मागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहायच्या: दप्तरखाना, रुमालाचा क्रमांक, पुडकं किंवा पान, आणि कागद पाहिल्याची तारीख. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवायचं कापडी गाठोडं. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. नुसतं 'पेशवे दप्तर, पुणे' एवढं लिहिलेला कागद दुसऱ्याला कधीच सापडत नाही. तारीख हवी, कारण नव्याने याद्या होतात तेव्हा क्रमांक बदलतात. कागद कोणत्या वर्षी पाहिला हे ठाऊक असलं की जुन्या यादीवरून माग काढता येतो. हॉलमधल्या ज्येष्ठ मंडळींचा पहिला प्रश्न दरवर्षी तोच असतो: "बाळ, हा कागद कुठला?" उत्तर देताना मूल अडखळलं, तर तीच मंडळी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसतात आणि नोंद पुरी करून घेतात. संमेलनाची माया असते ती अशी.

वाचनाला पंधरा मिनिटं, प्रश्नांना दहा. बाराव्या मिनिटाला एक घंटा, पंधराव्याला दोन. सावकाश वाचलं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात, म्हणजे तीनशे शब्दांची सहा पानं पुरेत. तरी दरवर्षी कुणीतरी वीस पानं आणतं, आणि पहिली पाच मिनिटं रामायणातल्या पंचवटीपासून मुघलांच्या गुलशनाबादपर्यंतची पूर्वपीठिका सांगण्यात जातात. श्रोते नाशिकचेच, त्यांना ती पाठ असते. घंटा वाजते तेव्हा स्वतः शोधलेलं सांगायचं राहून गेलेलं असतं. म्हणून पूर्वपीठिका टिपणात द्यायची आणि वाचन थेट पहिल्या कागदापासून सुरू करायचं, असं आता आधीच सांगितलं जातं. टिपण एका पानाचं, तीन आठवडे आधी द्यायचं.

त्या तीन आठवड्यांत विषय आटतात, आणि ते पाहण्यात मोठा आनंद असतो. 'पेशवेकालीन नाशिकचं अर्थकारण' असा विषय घेऊन आलेली मुलगी शेवटी एका देवस्थानाच्या एका वर्षाच्या खर्चावर येते: तेल किती, तूप किती, नैवेद्याचे तांदूळ कुठून आले. मग ऐकणाऱ्यांना गावातले भाव कळतात, कुणाच्या गाडीने माल आला ते कळतं. मोठ्या विषयात हे काहीच दिसलं नसतं.

जेवणाआधीचा एक तास मित्यांचा, म्हणजे जुन्या कागदांवरच्या तारखांचा. फळ्यासमोर अख्खा हॉल पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा बसतो. चुका सर्वांत जास्त इथेच होतात. पेशवाईतल्या पत्रात वर्ष आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: सुहूर सन ११६१. सुहूर ही मराठी दप्तरांतली जुनी कालगणना. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सगळीकडे सरसकट ६०० मिळवले की पावसाळ्यातली आणि दिवाळीतली पत्रं एक वर्ष पुढे सरकतात, आणि मग पत्राचं उत्तर पत्राच्या आधी लिहिलेलं दिसू लागतं. ताळा पाहायला पानिपत सोयीचं. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, सुहूर ११६१. ६०० मिळवले की बरोबर. शके १६८२, पौष. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९, म्हणजे पुन्हा १७६१. दोन्ही वाटांनी एकाच वर्षी पोचलो तरच पुढे जायचं.

दिवसाची भानगड वेगळी. 'छ' म्हणजे चंद्र; त्यापुढचा आकडा आणि मोहरम, सफर हे महिने हिजरी चांद्रमासाचे, पण त्यांच्याच पुढे लिहिलेलं सुहूर वर्ष सूर्याचं. एका ओळीत दोन पंचांगं! दिवस जंत्रीतून, म्हणजे निरनिराळ्या पंचांगांच्या तारखा शेजारी मांडलेल्या पुस्तकातून, काढावा लागतो, आणि हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने एका दिवसाचा फरक राहू शकतो. पत्रात वार लिहिला असेल तर तोच खरा पंच.

इंग्रज वखारीची पत्रं वापरणाऱ्यांची आणखी एक गल्लत होते. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग चालवलं. पोर्तुगीज मात्र केव्हाच नव्या ग्रेगोरियन पंचांगावर गेले होते. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीने ती १६ जून. मिती एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रावर १६७३/७४ असं जोडवर्ष दिसतं. हे न कळल्याने गोव्याचं पत्र आणि सुरतेचं पत्र एकमेकांना खोटं पाडतात असं अख्खं प्रकरण लिहिलं जाऊ शकतं, आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं.

तासाची शेवटची दहा मिनिटं हिशेबाच्या खुणांना. मोडीत '३।।।=' दिसलं की नवखा त्या दंडांना विराम समजून सोडून देतो. उभा दंड चार आण्यांचा, आडवी रेघ एका आण्याची. म्हणजे तीन रुपये चौदा आणे. शंभर ओळींच्या वहीत हे दंड सुटले की बेरीज जमत नाही, आणि दोष बिचाऱ्या कारकुनावर जातो.

जेवण साधं. मिसळ, पाव, पापड, दही. चिवडा संध्याकाळसाठी राखलेला. पण पंगतीतलं बोलणं सोडू नये असं. त्र्यंबक आणि पंचवटीतल्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, नामावळ्यांवर काम करणारी मुलं तिथे हमखास एकत्र सापडतात. हा नाशिकचा खास ठेवा. यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्या माणसाने वडील, आजोबा, भाऊ, मुलं, मूळ गाव आणि येण्याचं कारण वहीत लिहायचं, बहुतेक स्वतःच्या हाताने. उपाध्यांची घराणी गावांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे वाटलेली असतात. म्हणून विचारायला जाताना आधी मूळ गाव लागतं. आजचं राहतं गाव तिथे कामाचं नाही. वह्या घराण्याच्या मालकीच्या, त्यांच्या उपजीविकेच्या आणि श्रद्धेच्याही. परवानगी तोंडी मिळते, तशीच ती मोडतेही. सिंहस्थात किंवा पितृपक्षात गेलं तर कुणालाच सवड नसते. छायाचित्राला नकार मिळाला तर हट्ट धरायचा नाही. पेन्सिलीने उतरवून घ्यायचं आणि उतरवलेलं त्यांना वाचून दाखवायचं.

नामावळ्यांतली मोठी फसगत नावांची. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव, आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. कृष्णाजी बिन रामाजी, त्याचा मुलगा रामाजी बिन कृष्णाजी, त्याचा मुलगा पुन्हा कृष्णाजी बिन रामाजी. वंशावळ मांडणारा पहिल्या आणि तिसऱ्याला एकच माणूस समजतो, आणि दोन पिढ्या गडप होतात. उपाय असा की प्रत्येक नोंदीत आजोबा आणि भाऊ दोन्ही पाहायचे. भावांची नावं तशीच्या तशी फिरून येत नाहीत. दुसरी गोष्ट, जुनी वही जीर्ण झाली की नवीत उतरवतात. सलग दहा नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत दिसल्या तर ती नक्कल समजावी, आणि नकलेत एखादी ओळ गळली असेल असं धरूनच पुढे जावं.

दुपारच्या सत्रात अलीकडचे विषय असतात. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या; संमेलन त्याच तारखेच्या आगेमागे येत असल्याने हा विषय कुणीतरी घेतंच. नुसते खटल्याचे कागद वाचले की सगळं पोलिसांच्या नजरेने दिसतं, एवढं सांगावं लागतं. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर काम करणाऱ्यांकडे मात्र वेगळी जबाबदारी असते. सत्याग्रहींच्या मुला-नातवंडांच्या मुलाखती घेताना मंदिरापुढचा सत्याग्रह, रथोत्सवातला संघर्ष आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची परिषद एकमेकांत मिसळून सांगितली जाते. घरात ऐकलेली आठवण तशीच असणार. तिला खोडायचं नाही. शब्दशः लिहून घ्यायची आणि शेजारी त्या आठवड्याचं वर्तमानपत्र लावायचं. १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय गावात असणं किती मोठं भाग्य आहे, हे अशा वेळी कळतं.

चारनंतर सगळे अंगणात. संरक्षित लेण्यांत शिलालेखाला हात लावता येत नाही, परवानगीशिवाय ठसा तर नाहीच. म्हणून अक्षरं कोरलेली एक फरशी सरावाला ठेवलेली असते. फरशी मऊ ब्रशने धुवायची. हातकागद पाण्यात भिजवून, निथळून तिच्यावर पसरायचा, मधून कडेकडे दाबत हवा काढायची. मग ताठ केसांच्या ब्रशने ठोकत राहायचं, कागद खाचेत बसेपर्यंत. अर्धवट वाळला की कापडाच्या बोळ्याने दाट शाई टिपायची. जमिनीला काळं आणि अक्षरं पांढरी राहतात. कागद फार ओला असेल तर ब्रशखाली फाटतो, फार वाळला असेल तर खाचेतून उचलला जातो, शाई पातळ असेल तर अक्षरांत उतरते. पहिला ठसा कुणाचाच नीट येत नाही. तिसऱ्यावर एखादं अक्षर स्वच्छ उमटतं तेव्हा सगळं अंगण गोळा होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी. विजेऱ्या घेऊन जायच्या आणि उजेड समोरून न पाडता भिंतीलगत तिरका पाडायचा. समोरच्या उजेडात उथळ अक्षरं पुसल्यासारखी होतात. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, क्षहरातांचा, म्हणजे शक क्षत्रपांच्या एका घराण्याचा, वंश निःशेष करणारा म्हटलं आहे. आईने मुलाचं केलेलं कौतुक पुरावा म्हणून कितपत धरावं, हा वाद तिथेच पायऱ्यांवर रंगतो. उत्तर मिळतं जोगलटेंभी या गावातून. तिथे १९०६ मध्ये सापडलेल्या ठेव्यात क्षहरात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत शिकलेली मुलं नव्या छापाखाली राजाच्या मुखवट्याची कड कशी शोधायची ते दाखवतात.

सर्वांत जास्त वेळ मात्र दहाव्या लेण्याच्या ओसरीत जातो. नहपानाचा जावई उषवदात याने त्या वेळच्या कालगणनेच्या बेचाळिसाव्या वर्षी गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, २,००० कार्षापण नाणी ठेवली, दुसरीकडे १,०००. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. व्याजाचा दर शेकडा एक, आणि दुसऱ्या रकमेला पाऊण. पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. पण व्याजाचा हा दर मासिक की वार्षिक? वर्षाचा धरला तर हाती वीसच येतात. कुणीतरी वहीच्या मागच्या पानावर मांडतं: वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस, दोन हजारांवर महिना शेकडा एकने बारा महिन्यांचे, दोनशे चाळीस. बेरीज जमली की ती वही हातोहात फिरते, आणि खाली बस थांबलेली असूनही कुणी उठत नाही.