एमजीएचा शोध, नोंद चौथी: उजव्या दाराची फट

एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीए ही जुनी स्पोर्ट्स कार विकत घ्यायची म्हणून मी शोधतोय. मागच्या नोंदीत दोन गाड्या नाकारल्याचं लिहिलं होतं. पहिली बाहेरून आरशासारखी होती, पण मागच्या मडगार्डला चुंबक चिकटेना, म्हणजे आत पत्रा कमी आणि लांबीच (पुट्टीच) जास्त. दुसरीच्या कागदांवरचा नंबर आणि गाडीवरच्या पाटीचा नंबर जुळत नव्हते. या शनिवारी तिसरी पाहिली. घरी आल्यावरही मन तिच्यापाशीच राहिलंय.

१९५८ची एमजीए १५००, उघडी रोडस्टर. लाल रंग, तारांची चाकं, चांगलं हूड, म्हणजे घडीचं कापडी छप्पर. मालक सत्तरी ओलांडलेले, सव्वीस वर्षं गाडी त्यांच्याकडे आहे. गुडघ्यांमुळे आता इतक्या खाली बसता येत नाही म्हणून विकताहेत. सांगितलेली किंमत २४,००० पौंड. रेडिंगहून निघालो तेव्हा मुद्दाम ॲबिंग्डनवरून गेलो, एमजीचा कारखाना तिथे होता. १९५५ ते १९६२ या काळात एक लाख एक हजारांवर एमजीए तिथून बाहेर पडल्या, आणि दहातल्या नऊपेक्षा जास्त परदेशी गेल्या. कारखाना १९८०च्या ऑक्टोबरात बंद झाला. तरी त्या गावातून जाताना माझा वेग आपोआप कमी होतो.

आधी इंजिन, कारण तिथे मला भीती वाटत नाही. १४८९ सीसी, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज. आपल्या अँबॅसडरला वर्षानुवर्षं याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. मिरजेत मामांची टॅक्सी होती आणि दर रविवारी सकाळी तिचे टॅपेट सेट करताना, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावताना, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) धरायचं काम माझ्याकडे असायचं. एमजीएमध्ये दोन एसयू कार्बोरेटर आणि जास्त कॉम्प्रेशन, म्हणून ७२ अश्वशक्ती. पण व्हॉल्व्ह कव्हर उघडलं की आत तेच रॉकर, सिलिंडर पेटण्याचा तोच क्रम १-३-४-२. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला घरी आल्यासारखंच वाटलं होतं.

इग्निशन दिलं की मागून पेट्रोल पंपाची टकटक सुरू होते. कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की ती थांबायला हवी. इंजिन बंद असताना टकटक चालूच राहिली तर कुठेतरी गळती आहे किंवा फ्लोटची सुई नीट बसत नाही. इथे सातआठ ठोके पडले आणि पंप शांत झाला. मग ‘एस’ लिहिलेला गोल खटका ओढला (या गाडीत स्टार्टर किल्लीने लागत नाही) आणि दुसऱ्या प्रयत्नात इंजिन लागलं.

गरम झाल्यावर मामांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बॉनेटखाली धरला.

“मामा, ऐकताय ना? एक आवाज येतोय बघा.”

“येतोय की. टॅपेट ढिला आहे एखादा. घाबरू नकोस. ढिला टॅपेट नुसता वाजतो. घट्ट झालेला वाजत नाही आणि व्हॉल्व्ह जाळून मोकळा होतो. तेलाचं प्रेशर किती दाखवतंय?”

चालवताना चौरस इंचाला ५० पौंड, आयडलला २० होतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत त्याच मापात १४५ ते १५२. मामा म्हणाले, “इंजिनाचं सोड आता. पत्रा बघ.”

पत्रा बघण्याआधी या गाडीची बांधणी का महत्त्वाची आहे ते सांगतो, नवीन मंडळींसाठी. १९५१ साली ल मॉंच्या शर्यतीसाठी शर्यतचालक जॉर्ज फिलिप्स यांना एमजीने टीडी या आपल्या आधीच्या मॉडेलच्या चेसीवर (खालच्या लोखंडी सांगाड्यावर) एक सुंदर वाऱ्याला कापणारी बॉडी बांधून दिली होती. पण टीडीच्या चेसीचे दोन लांब दांडे जवळजवळ असल्यामुळे चालक त्यांच्या वर बसायचा आणि छातीपर्यंत वाऱ्यात असायचा. एमजीचे अभियंते सिड एनेव्हर यांनी मग दांडेच दोन्ही बाजूंना लांब नेले आणि सीट त्यांच्या मधे खाली सोडली. एमजीएची सगळी बसकी ऐट तिथून आलेली आहे. मला हा निर्णय त्या काळातला फार मोठा वाटतो, कारण नुसता आकार बदलून ही गाडी झालीच नसती.

बॉडी वेगळी, चेसीवर बोल्टने बसवलेली. दारांचं सगळं गणित दाराखालच्या उंबऱ्यावर, म्हणजे सिलवर, आणि पुढच्या खांबावर उभं असतं. मडगार्डांच्या आत चिखल साचतो आणि हेच भाग आतून कुजतात. बॉनेट, डिकी आणि दारांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे, तेव्हा तिथे चुंबक चिकटला नाही तर दचकू नका. तळाच्या फळ्या प्लायवूडच्या असतात. त्या कुजलेल्या निघाल्या तरी एका दिवसाचं काम. सिल मात्र नीट बदलायचं तर मडगार्ड उतरवावे लागतात, आणि दार लावून, फट तपासत तपासत वेल्डिंग करावं लागतं.

म्हणून मी एमजीए पाहताना रंगाआधी दारांच्या फटी मोजतो. डावं दार: वरपासून खालपर्यंत ४ मिलिमीटर, जवळपास एकसारखी. उजवं दार, मागची कड: वर २, खाली ७. दार बंद होताना शेवटी हलकं उचलावंही लागतं. उजव्या सिलखाली आडवा झोपून टॉर्च मारला तर वेल्डिंगची रेघ ताजी आणि जाड. डाव्या बाजूला ती जवळपास दिसतही नाही.

मालकांना सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. डावी बाजू त्यांनी स्वतः दोन हिवाळे खपून केली, त्याचे फोटो वहीत तारखांसह चिकटवलेले आहेत. उजवी बाजू हाताला दुखापत झाल्यामुळे बाहेर करून घेतली आणि तिथे पुढचं मडगार्ड न उतरवताच सिल चढवलं गेलं. त्यांना ते तेव्हाच खटकलं होतं. एवढं प्रामाणिक उत्तर देणारा विकणारा मला या शोधात प्रथमच भेटला.

बाकीचं पटकन लिहितो. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर आवाज न करता पडावा म्हणून असलेला भाग) थकलाय, तिसऱ्यातून खाली येताना कुरकुरतो. पहिल्याला तर मुळातच सिंक्रो नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, दाबले की गाडी किंचित डावीकडे जाते. मागची चाकं उचलून हलवली तर उजव्या तारांच्या चाकात बारीक ‘टिक’ आहे, म्हणजे चाक हबवर अडकवणारे दाते, स्प्लाइन, झिजलेत. पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन घट्ट, ग्रीस ताजं. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी एकच बारा व्होल्टची बसवलीय, पण जुन्या दोन्ही चौकटी शाबूत आहेत आणि गंज नाही.

आणि आता ती गोष्ट ज्यामुळे मला रात्री झोप लागली नाही. गेडनच्या मोटारींच्या संग्रहालयातून कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून दाखला मिळतो, तो मालकांकडे होता. त्यावर लिहिलंय: डाव्या स्टिअरिंगची, उत्तर अमेरिकेसाठी, रंग ग्लेशियर ब्लू. गाडी पुढे इंग्लंडात परत आली तेव्हा स्टिअरिंग उजवीकडे आणि रंग लाल झाला. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारला. वायरिंगच्या मागे, जिथे कुणी रंग फवारायचं पिस्तुल नेलंच नाही, तिथे तळहाताएवढा फिकट निळा पत्रा अजून आहे. कारखान्यातल्या रंगाचा. मी तिथे बोट लावून किती वेळ बसलो ते आठवत नाही.

तिथे बसल्या बसल्या पैशांचा हिशोब मात्र चुकवला नाही. इंजिनाला टॅपेट सोडून काही नको. गिअरबॉक्स एक-दोन वर्षं थांबू शकतो. दोन स्प्लाइन हब आणि मागची दोन चाकं लागतील. उजवं सिल पुन्हा करणं आणि त्यानंतरचा त्या बाजूचा रंग, हा खरा खर्च. मी १९,५०० म्हटलं आणि प्रत्येक आकडा कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद दोनदा वाचला. २२,०००च्या खाली येणार नाही म्हणाले, पण उजव्या बाजूचा पुढचा खांब आतून कुजलेला निघाला तर पुन्हा बोलू, असंही म्हणाले.

तो खांब पाहायला मडगार्ड उतरवावा लागत नाही. पुढच्या चाकामागे, मडगार्डच्या आत चिखल अडवणारी पत्र्याची पट्टी असते. ती काढली की सिलचं पुढचं टोक आणि खांबाचा पाय उघडा पडतो. परवानगी त्यांनी लगेच दिली. पुढच्या शनिवारी पाने, आरसा आणि टॉर्च घेऊन जातोय. तोवर पट्टीच्या स्क्रूंवर रोज दोन थेंब तेल सोडत राहीन, असं त्यांनी स्वतःहून सांगितलंय.