चढाईत वेग का गळतो: व्हीएस, एफएलसी आणि पिटो

गेले तीन आठवडे रोज एकच सराव: सिममध्ये (संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये) सेसना 172एस हे छोटं विमान, जी1000 हे डिजिटल पॅनेल, जीएफसी 700 ऑटोपायलट, पूर्ण वजन आणि समुद्रसपाटीपासून 10,000 फुटांपर्यंत चढाई. दरवेळी 7,000 च्या पुढे वेग गळायचा आणि स्टॉलचा (पंखांची उचल सुटण्याचा) इशारा देणारा हॉर्न वाजायचा. ऑटोपायलट बिघडलाय असं वाटत होतं. तसं नाही. मी सांगितलं तेच तो करत होता.

व्हीएसमध्ये, म्हणजे ठरावीक चढाईचा दर राखणाऱ्या मोडमध्ये, 700 फूट प्रति मिनिट लावलं की तो 700 च राखतो, वेगाचं त्याला काही देणंघेणं नाही. जमिनीलगत हे झेपतं, कारण तिथे या विमानाचा चढाईचा दर 730 च्या घरात आहे. पण टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के घटते. 8,000 फुटांवर, शून्य अंश तापमानात, हेच विमान जेमतेम 400 देतं. उरलेल्या 300 ची तूट वेगातून भरून निघते.

परवा हात न लावता नुसतं पाहत बसलो. ट्रिम व्हील (नाकाचा कल टिकवून धरणारं चाक) आपोआप थोडं थोडं मागे फिरत होतं, नाक वर आणि वेग 78, 74, 69, 61 नॉट. हॉर्न वाजल्यावर ऑटोपायलट सोडला, तर जॉयस्टिक जवळजवळ टोकापर्यंत ढकलावी लागली. सगळं ट्रिम नाक-वर साठलेलं होतं, त्यामुळे वेग येऊ लागला की नाक पुन्हा उचलायचं. आता क्रम पक्का केलाय: सोडायचं, ढकलायचं आणि लगेच ट्रिम पुढे.

एफएलसीवर, म्हणजे ठरावीक वेग राखून चढणाऱ्या मोडवर, आल्यापासून हा त्रास संपला. थ्रॉटल पूर्ण, वेग 80, बाकी चढाईचा दर जो मिळेल तो. फक्त बटण दाबता त्या क्षणी जो वेग असतो, तोच लक्ष्य म्हणून धरला जातो. मी एकदा 62 ला दाबलं आणि तो इमानाने 62 राखत राहिला. आधी वेग जमवा, मग दाबा. आणि 3,000 च्या वर मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पातळ करायला, म्हणजे इंधन कमी करायला, विसरू नका. माझ्या निम्म्या चढाया तिथेच अडल्या होत्या.

बोइंग 737 मध्येही तीच गोष्ट, फक्त ऑटोथ्रॉटलमुळे (इंजिनाची ताकद आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) ती उशिरा कळते. व्हीएसमध्ये तो थ्रस्ट वाढवत नेतो, पण एन1 (इंजिनाच्या पंख्याचा वेग) मर्यादेला पोचला की पुढे द्यायला काही उरत नाही आणि वेग ओसरतो. लेव्हल चेंजमध्ये (737 मधला एफएलसीसारखा मोड) वेग पिचने, म्हणजे नाकाच्या कोनाने, सांभाळला जातो, म्हणून उंचावर तोच बरा. मात्र मॅक 0.78 वर (ध्वनीच्या वेगाच्या 0.78 पट) चढताना वेगदर्शकावरचे नॉट कमी होत जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही. 36,000 फुटांवर 260 च्या आसपास दिसतील, तिथे घाबरून काही बदलू नका.

काल मुद्दाम पिटो (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) गोठवून पाहिला, तोंड आणि निचऱ्याचं छिद्र दोन्ही बंद. अशा वेळी वेगदर्शक उंचीमापकासारखा वागतो: चढू तसा आकडा वाढतो. एफएलसीला वेग जास्त वाटतो, तो नाक उचलतो, खरा वेग आणखी पडतो, आकडा मात्र चढतच राहतो. 1 डिसेंबर 1974 रोजी अमेरिकेत एक बोइंग 727 असंच कोसळलं. पिटो हीटर चालू नव्हते आणि वाढता आकडा खरा मानून वैमानिक नाक उचलत गेले. तिघांचा जीव गेला. हे वाचून मी सरावाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

म्हणून एफएलसीतही आता दर हजार फुटांना पिच पाहतो. माझ्या सिममध्ये पूर्ण थ्रॉटलला 80 नॉटसाठी नाक 7 ते 8 अंश वर असतं आणि उंचीबरोबर ते कमी व्हायला हवं. वाढत गेलं, तर एफएलसी सोडून आधी नाक खाली. पुढचा आठवडा हाच सराव ढगात, वेगदर्शक झाकून.