लाऊडस्पीकर नाही, स्टेज नाही : आमच्या ले-आऊटमधला पळस मेळा

नागपुरात वसंताचा कार्यक्रम ठरवायचा तर पंचांग आधी मिटून ठेवावं. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखातला, आणि आमच्याकडे चैत्र लागेपर्यंत लोक माळ्यावरचा कुलर खाली काढून त्यात नवा वाळा भरायला लागलेले असतात. मार्चच्या अखेरीस पारा चाळिशीला टेकतो. खरा बहर त्याच्या आधी, फाल्गुनात येऊन जातो. काटेसावर, पांगारा, पळस हे तिघं अंगावर धड पान नसताना फुलतात. काटोल रोडने किंवा उमरेडकडे जा, शेतांच्या बांधावर नुसता केशरी रंग. होळी झाली की आठवडाभरात तो जमिनीवर आलेला असतो.

म्हणून आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मंडळात 'मुलांसाठी उन्हाळी शिबिर घेऊ' असा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, शिबिर राहू द्या, होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी बगिच्यात मेळा घेऊ. निसर्ग, कला, आणि मुलांबरोबर आईवडिलांनीही शिकायचं. आईवडिलांनीही, या शब्दावर मी अडून बसले. नागपुरातले मुलांचे कार्यक्रम मी बरेच पाहिलेत. मुलं रंगवतात, आणि पालक झाडाखाली उभं राहून फोनमध्ये बघतात, अधूनमधून 'फोटो काढ, फोटो काढ' करतात.

तारखेवरून पहिली खडाजंगी झाली. दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू असतात, त्यांच्या आयांचा आवाजाला विरोध. बाकी शाळांच्या परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये. 'मग मे महिन्यात घ्या ना' असं एक जण म्हणाले. मे महिन्यात नागपूरच्या बगिच्यात सकाळी नऊनंतर कुत्रंही बसत नाही, आणि तोवर पळसाला फुलं जाऊन कोवळी पानं आलेली असतात. तारीख फुलांवर सोडली. वेळ साडेसहा ते दहा. दहाला आवरायचं म्हणजे आवरायचं.

कागदपत्रांचं सांगते, कारण असं काही करू बघणाऱ्यांचा पाय तिथेच अडतो. बगिचा महापालिकेचा असला तर अर्ज, त्यावर मंडळाचं लेटरहेड, तारीख-वेळ, किती माणसं येणार त्याचा अंदाज, आणि जागा होती तशी स्वच्छ करून देऊ अशी हमी लिहून द्यावी लागते. हे सरळ होतं. गाडी अडते ती लाऊडस्पीकरपाशी. त्याची परवानगी पोलिसांकडून वेगळी. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा, आणि शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्यापासून 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. आमच्या बगिच्याच्या भिंतीपलीकडेच एक लहानसं हॉस्पिटल आहे. मी लाऊडस्पीकरच काढून टाकला. त्याबरोबर एक अख्खा अर्ज गेला, जनरेटरचा प्रश्न गेला, आणि दहावीवाल्या आयांचा विरोधही गेला. बोलवायचं असेल तेव्हा स्टीलच्या ताटावर पळी वाजवायची ठरलं.

लाऊडस्पीकर नाही म्हटल्यावर स्टेजला अर्थ उरला नाही, आणि स्टेज नाही म्हटल्यावर प्रमुख पाहुण्यांना. आमच्या वस्तीत राजकारणात असलेले एक भाऊ आहेत, माणूस मदतीचा, पण त्यांना ते रुचेना. "काकू, एक फ्लेक्स तं लावाच लागते. लोकायले समजन कसं?" मी म्हटलं, भाऊ, फ्लेक्स झाडाला खिळे ठोकूनच लागतो, आणि आपला मेळा झाडांचाच. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मंग माह्यं काम काय?" त्यांना फुलं आणायच्या गाडीवर घातलं.

फुलांचा नियम एकच होता, तोडायची नाहीत. जंगल खात्याच्या हद्दीतून, अभयारण्यातून तर काडीही उचलायची नाही, तो कायदाच आहे. आम्ही ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर त्याला विचारून पहाटे गेलो. पळसाखाली सकाळी फुलांचा सडाच असतो, पाखरांनी मध पिता पिता पाडलेला. चादरी आदल्या संध्याकाळी अंथरून आलो होतो, त्यामुळे फुलांना माती लागली नाही. भाऊंनी गाडीच्या डिकीत फुलं भरली आणि वर स्वतःचा गळ्यातला दुपट्टा पांघरला, उन्हानं सुकू नयेत म्हणून. निम्मी फुलं ताजी ठेवली, निम्मी गच्चीवर सावलीत वाळवली. वाळलेली वर्षभर टिकतात.

मेळ्याचे मी चार कोपरे केले होते. त्यातले दोन चांगले जमले, एक बरा झाला, आणि चौथा, गोष्टी सांगायचा, पहिल्या अर्ध्या तासातच ओस पडला. बाहेर एवढं काही चाललेलं असताना गोष्ट ऐकायला कोण बसणार? जाऊ द्या.

सगळ्यात गर्दी रंगाच्या कोपऱ्यात. रात्रभर पाण्यात भिजवलेली फुलं सकाळी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळली, पाणी पिवळट-केशरी झालं. ते काचेच्या ग्लासांत वाटून दिलं. एकात लिंबू पिळायचं, एकात खायचा सोडा चिमूटभर, एक तसाच ठेवायचा. लिंबाचा ग्लास फिकट पिवळा पडला, सोड्याचा गडद केशरी झाला. चुन्याच्या निवळीने रंग आणखी चढतो, पण चुना मुलांच्या हाती द्यायचा नाही असं ठरलेलं, ते काम एका काकांकडे. शेजारी हळदीचं पाणी होतं. त्यात निवळी पडली आणि ते लाल झालं तशी एक आई ओरडली, "अगं, हे तर कुंकू!" तिच्या सासूने मागून सांगितलं की पूर्वी कुंकू हळदीचंच करत. ती सून केमिस्ट्रीची एम.एस्सी. आहे. आम्ल, अल्कली सगळं तिला पाठ, पण पळसाच्या पाण्यात लिंबू तिने आयुष्यात पहिल्यांदा पिळलं होतं. त्या कोपऱ्यावर मी एक पाटी लावली होती: 'मोठ्यांनी उत्तर सांगू नये, आधी करून बघावं.' पाटी वाचून काही बाबालोक नाराज झाले. एकाने तर मला विचारलं, मग आम्ही यायचं कशाला. दहा मिनिटांनी त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत केशरी होती आणि तो मुलाशी भांडत होता की तिसऱ्या ग्लासात सोडा आधी कोणी टाकला.

दुसरा कोपरा फुलाचा. इथे एकच काम, पळसाचं एक फूल हातात घेऊन उलगडायचं. देठाकडचा भाग काळसर, मखमलीसारखा, बोट फिरवलं की लव लागते. पाकळ्या पाच. एक मोठी मागे वळलेली, दोन बाजूच्या, आणि खालच्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारख्या वाकलेल्या. ती चोच नखाने हळूच फाडली की आत पुंकेसर. मोजले तर दहा. त्यातले नऊ बुडाशी एकत्र जुळलेले आणि दहावा एकटा, बाजूला. हा एकटा सापडेपर्यंत मुलं फुलामागून फूल उघडत होती. आठेक वर्षांच्या एका मुलीने फूल नाकाला लावलं, परत लावलं आणि म्हणाली, "याला तर वासच नाही!" तिच्या वडिलांना उत्तर येत नव्हतं. त्यांनी ते पाटीच्या नियमाने लपवलं नाही, सरळ म्हणाले, "मलाही नाही माहीत, चल बघू." दोघं जाऊन बगिच्याच्या कोपऱ्यातल्या पळसाखाली बसले. साळुंक्या आल्या, बुलबुल आला, एवढासा जांभळा शिंजीर उलटा लटकून गेला, खारही फुलात तोंड घालून गेली. मधमाश्यांपेक्षा पाखरांची वर्दळ जास्त. मग त्या मुलीनेच सांगितलं की पाखरांना रंग दिसतो, त्यांना वास कशाला हवा. पाखरांवर अवलंबून असणाऱ्या पुष्कळ फुलांना वास नसतो, हे पुस्तकात आहेच. पण ती ते झाडाखालून घेऊन आली.

कोपऱ्यांखेरीज पाखरंही मोजायची होती. त्याची पद्धत आम्ही ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटवरून घेतली. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभरातली माणसं किमान 15 मिनिटं दिसतील ते पक्षी मोजतात. आपल्याकडेही 2013 पासून ते होतं. आमचा नियम असा: एक मोठं माणूस, एक मूल, एक झाड, 15 मिनिटं, आणि बोलायचं नाही. नागपूरकराला पंधरा मिनिटं न बोलता बसवणं हेच या कार्यक्रमातलं सगळ्यात अवघड काम होतं. तरी जमलं. तांबटाची टुक-टुक सगळ्यांनी ऐकली, दिसला मोजक्यांना. राखी धनेश दिसेल अशी माझी फार इच्छा होती, महाराजबागेत आणि सेमिनरी हिल्सवर तो हमखास असतो. आमच्याकडे फिरकला नाही.

मातीच्या कोपऱ्यासाठी महालातल्या चितारओळीतले एक मूर्तिकार काका आले होते. मुलं सवयीने माती ओली, मग अजून ओली करत होती. काकांनी पाण्याचा तांब्याच उचलून आपल्यामागे ठेवला. पाखराला पंख चिकटवायचा तर दोन्ही बाजू काडीने ओरखडून, मध्ये मातीचा घोळ लावून दाबायचा, नाहीतर वाळल्यावर गळतो. आणि वाळवायचं उन्हात नाही. नागपूरच्या उन्हात माती बाहेरून आधी सुकते, आतून ओली राहते, आणि तडकते. सावलीत, वर ओलं फडकं टाकून, दोन-तीन दिवस. घाई असलेल्या पालकांना हे पटलं नाही. त्यांची पाखरं घरी जाऊन तडकली असं नंतर ऐकलं.

याच कोपऱ्यात गल्लीतल्या एका आजींनी पत्रावळ टाचायला घेतली. फुलाच्या दिवसात पळसाला पानं नसतात, म्हणून त्यांनी रामटेककडच्या माहेरून वाळलेली पानं मागवून आदल्या रात्री भिजत घातली होती. मुलांची पानं फाटत होती. "काडी घुसवू नको बाप्पा, उचलून टोचनं," आजी सांगत होत्या. त्यांच्याभोवती मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त बसली होती, आणि आमचे फ्लेक्सवाले भाऊ सगळ्यांत पुढे. त्यांच्या आईने लग्नांसाठी शेकड्याने पत्रावळी टाचल्या होत्या म्हणे. त्यांची स्वतःची मात्र गोल काही होईना.

नाश्त्याला तर्री-पोहे हवेत म्हणून फार आग्रह झाला. मी संत्र्यांवर ठाम राहिले. मार्चमध्ये मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची, संत्री असतात, गोड, आणि उन्हात बरी. कागदी प्लेटा, चमचे, काही नको. साली एका क्रेटमध्ये गोळा केल्या, त्या वाळवून पूड करायला दोघी घेऊन गेल्या. पोह्यांची गाडी गेटबाहेर तशीही उभीच होती, ज्यांना खायचे त्यांनी जाऊन खाल्ले.

सव्वादहाला ताट वाजवलं. कोणी हलेना. शेवटी ऊनच मदतीला आलं.

पुढच्या वर्षीसाठी कोणी करणार असेल तर काही गोष्टी. रंगाचे ग्लास काचेचेच घ्या, प्लास्टिकच्या पेल्यात रंग कळत नाही. उकळायचा गंज मुलांपासून लांब, भिंतीकडेला. रंगाचं पाणी फेकू नका, गाळून बाटल्यांत भरा. आम्ही धुळवडीला तेच वापरलं आणि संपलं तेव्हा लोक भांडले. पक्ष्यांचं मोजणं सगळ्यात आधी ठेवा, सातच्या आत, नंतर पाखरंही सावलीला जातात. नावनोंदणी कुटुंबाची करा, मुलाची नको. 'मुलाला सोडून जातो, दहाला घ्यायला येतो' म्हणणाऱ्यांना गोडीत नाही म्हणायचं. आमच्याकडे एक गृहस्थ त्यावरून रागावून गेले आणि अर्ध्या तासाने मुलासकट परत आले.

खर्च वर्गणीतून भागला, थोडे पैसे उरलेही. त्यातून दोन चांगल्या दुर्बिणी घ्याव्यात असं माझं म्हणणं. भाऊंचं म्हणणं, बगिच्यात पळसाची रोपं लावावीत. त्यांना मी सांगितलं की पळस सावकाश वाढतो, फुलायला बरीच वर्षं घेतो. ते म्हणाले, "घेऊ दे ना मंग." मंडळाची बैठक येत्या शनिवारी आहे.