तहात हरलो म्हणायच्या आधी

१० मे २०२५ ची संध्याकाळ. भारत आणि पाकिस्तानच्या डीजीएमओंचं (लष्करी कारवाया बघणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांचं) फोनवर बोलणं झालं, फायरिंग थांबणार, अशी बातमी टीव्हीवर आली आणि माझा पुतण्या एकदम उसळला. भरतीची तयारी करतोय तो, रोज पहाटे पाचला पळायला जातो. म्हणाला, "थांबायचं कशाला? आपलं कायम असंच, लढाईत जिंकायचं आणि तहात हरायचं."

हे वाक्य आमच्या साताऱ्याकडं लहानपणापासून कानावर पडतं. घराघरात फौजी, त्यामुळं राग खरा असतो, मला तो कळतो. हाजीपीरचंच बघा. २८ ऑगस्ट १९६५ ला आपल्या जवानांनी काश्मीरमधली ती खिंड पाकिस्तानकडून घेतली आणि जानेवारी १९६६ मधे ताश्कंदला ती परत द्यायचं ठरलं. शास्त्रीजींबरोबर तिथं आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण पण होते, संरक्षणमंत्री म्हणून. १ सप्टेंबरला विमानं वापरायचा निर्णय ज्यांनी घेतला तेच हे यशवंतराव, म्हणजे घाबरून सही करणारी माणसं नव्हती ती. आणि तेव्हा जम्मूकडचा छांबचा भाग पाकिस्तानच्या हातात होता, तो पण त्यांना सोडावा लागला, हे मात्र टपरीवर कुणी सांगत नाही. हाजीपीर दिल्याचं दुःख मलाही आहे, पण अर्धीच गोष्ट सांगून पोरांना तापवू नये असं मला वाटतं.

आप्पा (माझे वडील) मराठा लाईट इन्फन्ट्रीत होते. २००३ ला ते पूंछच्या बाजूला एलओसीवर (काश्मीरमधल्या ताबारेषेवर) होते आणि आई रोज संध्याकाळी दारात बसायची, फोन असा नव्हताच, शेजारच्यांकडं कधीतरी यायचा. त्या नोव्हेंबरच्या २५ तारखेच्या मध्यरात्रीपासून सीझफायर झाला. नंतर आप्पांचं पत्र आलं त्यात लिहिलेलं की आज दिवसाउजेडी बंकरच्या बाहेर बसून जेवलो. बास, एवढंच. आईनं ते पत्र अजून ट्रंकेत ठेवलंय. त्या तहात कोण हरलं ते मला कुणी सांगावं.

आता कुणी म्हणेल म्हणजे तुम्ही सैन्य नको म्हणता, तर अजिबात नाही. १९९९ ला फेब्रुवारीत दोन्ही देशांचा शांततेचा लाहोर जाहीरनामा झाला आणि त्याच सुमारास तिकडून माणसं कारगिलच्या शिखरांवर चढत होती, ती नुसत्या पत्रांनी उतरली नसती, त्यासाठी आपले पाचशेहून जास्त जवान गेले. पण तिथंच दुसरी गोष्ट बघा, एलओसी १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांनी बसून नकाशावर नीट आखलेली होती. त्यामुळं रेष कोणी ओलांडली हे जगाला दिसलं, आपण ती ओलांडली नाही आणि ४ जुलैला नवाझ शरीफ वॉशिंग्टनला गेले ते मागं हटायचं कबूल करूनच आले. डोंगरावर जवान लढले, आणि कागदावरच्या रेषेनं त्यांना साथ दिली.

जिथं रेष नीट काढली नाही तिथं काय झालं? १९४९ च्या कराचीच्या करारात शस्त्रसंधीची रेषा एनजे ९८४२ नावाच्या बिंदूपाशी थांबली आणि पुढं लिहिलं फक्त "तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे". तिकडं वर कोण जाणार, असं वाटलं असेल. १९७२ ला पण ते तसंच राहिलं. मग एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत करून त्यातल्याच सियाचीन हिमनदीवर सैन्याला जावं लागलं आणि तेव्हापासून आपली पोरं वर आहेत. गोळीपेक्षा थंडीनं आणि बर्फानं जास्त गेले. ३ फेब्रुवारी २०१६ ला हिमस्खलनात १९ मद्रास बटालियनचे दहा जण गेले त्यात एक आमच्या माण तालुक्यातला होता. दुष्काळी तालुक्यातला माणूस बर्फाखाली गेला, ते ऐकून त्या दिवशी आमच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

म्हणून मला तहाचा राग येत नाही, अर्धवट तहाचा येतो. कारण कागदावर जो आळस होतो त्याची किंमत वर उभा असलेला जवान भरतो. आणि महाराजांनी १६६५ ला पुरंदरला २३ किल्ले दिले, १२ राखले, ते काय हरले म्हणून सोडून द्यायचं का? पाच वर्षात परत घ्यायला सुरुवात केलीच की, सिंहगड, पुरंदर सगळं.

पुतण्या हे ऐकून जरा गप्प बसला, मग म्हणाला, "मग आता का नाही काढत ती रेष?" १९८६ पासून सियाचीनवर चर्चेच्या फेऱ्या झाल्यात. आपलं म्हणणं एकच, आत्ता कुठल्या चौकीवर कोण उभं आहे ते आधी नकाशावर लिहा, मग खाली उतरू, आणि पाकिस्तान ते लिहायला तयार नाही. ही अट बरोबर आहे, आप्पा पण तेच म्हणाले. एकदा कागदावर मोकळी सोडलेली जागा परत मोकळी सोडून खाली यायचं नाही, मग कितीही फेऱ्या होऊ देत, बोलत राहायचं.