घर की गाडी? मोबाईल होमच्या टायटलचा माझा अनुभव

अमेरिकेत जमिनीसकट मोबाईल होम (कारखान्यात बनलेलं घर) घेऊन भाड्याने द्यायचं असेल, तर भाडेकरूची काळजी नंतर करा. मला भाडेकरू आठवड्यात मिळाला. कागदांना पाच महिने लागले, आणि त्यातले चार एका अंकापायी गेले.

घर डबलवाइड, म्हणजे दोन अर्धे भाग जोडून झालेलं, खाली एक एकर जमीन. रोखीने घेतलं. पुढे त्यावर मॉर्गेज काढून दुसरं घ्यायचा बेत होता. बँक म्हणाली, जमीन तुमची, पण घर कागदावर अजून वाहनच आहे. हे घर कारखान्यातून चाकांवर येतं, म्हणून त्याला गाडीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला असतो. आमच्या राज्यात डबलवाइडला दोन टायटलं, प्रत्येक अर्ध्याचं वेगळं. ती जमा करून घर जमिनीला कायमचं जोडल्याची नोंद करायची, एवढंच काम.

वाहन नोंदणीच्या खिडकीवर ऐकलं, "हे घर आहे, डीडच्या (जमीन-घराच्या खरेदीखतांच्या) ऑफिसात जा." डीडवाले म्हणाले, "टायटल रद्द झाल्याशिवाय आम्ही हात लावत नाही." तिसऱ्या खेपेला एका बाईंनी कागद खरोखर वाचले. दोन टायटलांवरच्या सीरियल नंबरांत शेवटचा ए आणि बी एवढाच फरक हवा होता. आमच्या बी-वर मध्येच 3 च्या जागी 8. टाइप करणाऱ्याची जुनी चूक. दुरुस्त करा म्हटलं, तर "पुरावा आणा". कसला पुरावा, ते मात्र कुणी सांगेना. सुट्ट्या काढून मी तिथे किती वेळा बसलो, ते आता मोजत नाही.

घर केंद्रीय नियमांनुसार बनल्याची खूण म्हणून बाहेर लावलेल्या लाल धातूच्या पट्ट्या आधीच्या मालकाने नवं साइडिंग (भिंतींचं बाहेरचं आवरण) लावताना उखडल्या होत्या, आणि 'हड' (केंद्रीय गृहनिर्माण खातं) त्या पुन्हा देत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आत चिकटवलेली डेटा प्लेट, म्हणजे घराच्या माहितीचा कागद, अर्धी सोललेली. तिच्यावर जेवढं वाचता आलं, त्यावरून आयबीटीएसकडे, म्हणजे या पट्ट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, पडताळणीचं पत्र मागितलं. दरम्यान कुणीतरी सांगितलं, नंबर चासीच्या पुढच्या आडव्या तुळईवर ठोकलेला असतो. घराखालची पोकळी झाकणारं स्कर्टिंग उघडलं, टॉर्च तोंडात धरून पोटावर सरपटलो, तारेच्या ब्रशने गंज घासला. 3! घर घेतलं त्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता.

फोटो आणि पत्र दोन्ही ठेवल्यावर त्याच खिडकीवर काम वीस मिनिटांत झालं.

हा नंबर व्यवहाराआधीच जुळवून घ्या. पैसे हातात पडेपर्यंतच विकणारा फोन उचलतो. चाकं आणि आस काढल्याचं शपथपत्र मला द्यावं लागलं, आणि बँकेला पाया कायमचा असल्याचा इंजिनियरचा दाखला हवा होता. 15 जून 1976 च्या आधी बनलेलं घर मी फुकट मिळालं तरी घेणार नाही, ते केंद्रीय बांधकाम नियमांच्या आधीचं असतं आणि कर्जाला बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो. आणि हो, टबाजवळ पाय दाबून घरातली जमीन बघा. तिच्याखालचा पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुशाची फळी) पाण्याने फुगतो; माझ्याकडे तेही निघालं.

बँकेचा माणूस मंगळवारी येतोय. पत्राच्या चार प्रती काढून ठेवल्यात.