नेढं कुठाय?

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून आलो की दप्तर कोपऱ्यात जायचं आणि आम्ही मंडळाच्या कट्ट्यावर. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत गणपती मोठ्यांचा आणि किल्ला पोरांचा, अशी वाटणी होती. निदान म्हणायला तरी. प्रत्यक्षात बुरूज कुठे आणि दरवाजा कुठे यावर सगळ्यात जोरात भांडायचे ते ऑफिसातून परतलेले काका लोक, पायातल्या चपलाही न काढता.

सामान जमवण्यातच दोन दिवस जायचे. कुणाच्या तरी बांधकामावरून विटा, नदीकाठची माती, नाक्यावरच्या किराणा दुकानातून रिकामी पोती. विटांचा ढिगारा रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेली पोती पांघरायची, की डोंगराला आपोआप सुरकुत्या पडतात. वर गेरू. वसुबारसेला अळीव आणि मोहरी टाकली की पाडव्यापर्यंत हिरवी झाक यायची. पाणी जास्त मारलं तर मात्र अख्खा उतार घसरायचा, आणि कोणी मारलं यावर गल्लीत दोन तट पडायचे.

मावळे आणायला सायकली काढून शनिवारवाड्यावरून कसब्यातल्या कुंभारवाड्यात. सिंहासनावरचे महाराज, तोफा, गवळण, वाघ, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून. प्रमाणाची कधीच फिकीर नव्हती. आमचा गवताचा भारा घेतलेला शेतकरी महादरवाज्यापेक्षा उंच होता.

खरी मिजास होती ती कारंज्याची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून रिकामी सलाइनची बाटली आणि नळी मिळायची. बाटली पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या गजाला टांगायची, नळी मातीखालून न्यायची आणि टोकाला बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचा तुकडा. इंच-दीड इंच पाणी उडायचं. कोणी बघायला आलं की खालून आरोळी, "सोड रे!" आणि वरचा पोरगा नळीची चकती फिरवायचा. त्या पोराला पाचही दिवस गॅलरी सोडता यायची नाही. एक वर्ष मी होतो. फराळ तिथेच पोचायचा, तेवढं एक बरं.

नरक चतुर्दशीला पहाटे उटणं, मोती साबण, अंघोळ चालू असताना ओवाळणारी आई आणि दारात डाव्या अंगठ्याखाली फुटणारं कारीट. पहिला सुतळी बॉम्ब कोणाचा, यावरून चुरस. तळ्यातल्या गणपतीला सारसबागेत जाऊन आलेली मंडळी सातच्या आसपास कट्ट्यावर जमायची. आता सगळीकडे दिवाळी पहाट म्हणून तिकिटं लावून कार्यक्रम होतात. आमच्याकडे गल्लीतल्याच एक काकू पेटी घ्यायच्या, तबल्याला बँकेतले काका, आणि एक नाट्यगीत दरवर्षी त्याच जागी चुकायचं. मग प्रत्येक घरून आलेले डबे एका सतरंजीवर उघडायचे. कुणाच्या चकलीला काटा आहे, कुणाची नुसतीच नळी झाली, हे डोळ्यांनीच ठरायचं. तोंडाने सगळ्याच 'छान झाल्यात हो'.

सिंधुदुर्ग दोनदा केला. 1664 मध्ये बांधकाम सुरू झालं, कुरटे बेटावर, एवढं पाठ करून भागायचं. समुद्र म्हणून निळीचं पाणी भरलेली परात. पण एका वर्षी मोठ्या दादाने राजगड घ्यायचं ठरवलं. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या आणि वर बालेकिल्ला. संजीवनीची दुहेरी तटबंदी करताना आमच्या बोटांची सालं निघाली.

पाडव्याच्या संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक आले. धोतर, टोपी, हातात टॉर्च. माहिती सांगणाऱ्या पोराने पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, महाराजांचा पंचवीसएक वर्षांचा मुक्काम, सगळं एका श्वासात ओतलं. आजोबांनी टॉर्च सुवेळा माचीवर फिरवला आणि विचारलं, "नेढं कुठाय?"

कातळाला आरपार पडलेलं ते भोक आम्ही साफ विसरलो होतो. दादा शांतपणे म्हणाला, "आहे ना आजोबा, मागच्या अंगाला आहे." हे ऐकून आमच्यातला सगळ्यात धाकटा गडी हळूच मागे गेला आणि त्याने पोत्यात बोट खुपसलं. बोट पुढच्या बाजूने बाहेर आलं. पाठोपाठ माची आली, माचीवरचे चार मावळे आले, आणि तेवढ्यात वरच्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने कारंजं सोडलं.

आजोबा इतके हसले की टॉर्च खाली ठेवावा लागला. उत्तेजनार्थ म्हणून स्टीलची एक वाटी मिळाली. ती कुणाच्या घरी ठेवायची यावर भाऊबीजेपर्यंत वाद चालला.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला उतरवायचा. माती घरोघरच्या कुंड्यांत जायची, मावळे मंडळाच्या पत्र्याच्या ट्रंकेत, मोडक्या हातांसकट. आणि किराणावाले शेठ दुकानाच्या पायरीवरून ओरडायचे, "बारा नेली होती, मोजून बारा द्या!" दरवर्षी नऊच निघायची. ते चिडायचे, आणि पुढच्या दिवाळीला परत बारा काढून ठेवायचे.